राहत्या घरातून शस्त्रविक्री : परवान्याची वाट

भारतात शस्त्रविक्रीचा परवाना व्यक्तीच्या किंवा पेढीच्या नावाने निघतो. पण त्यावर दुकानाचा पत्ता लिहिलेला असतो आणि धंदा त्या पत्त्यापुरताच चालतो. त्यामुळे घरातून हा धंदा करायचा म्हटला, की सगळ्यात आधी घराचाच विचार करावा लागतो. घर कोणाच्या नावावर आहे, कोणत्या जमिनीवर उभे आहे, किती पक्के आहे आणि घरातल्या माणसांपासून माल वेगळा कसा राहणार, या चार प्रश्नांची उत्तरे तयार असतील तरच पुढच्या कागदांना अर्थ येतो. नंदुरबार जिल्ह्याच्या नवापूर तालुक्यातील चिंचपाड्यात तर यातला जमिनीचा प्रश्न सर्वांत नाजूक असतो, कारण हा सबंध तालुका राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतील अनुसूचित क्षेत्रात मोडतो.

कायद्याची चौकट

या विषयाचा मूळ कायदा म्हणजे शस्त्र अधिनियम 1959. तो 1 ऑक्टोबर 1962 पासून अमलात आहे. त्याखालचे आजचे नियम 2016 सालचे असून 1962 चे जुने नियम आता लागू नाहीत. गावात ज्याला 'बंदुकीचे लायसन' म्हणतात तो कलम 3 खालचा परवाना होय. त्याने स्वतःसाठी शस्त्र घेता व बाळगता येते. विक्रीसाठी कलम 5 खालचा वेगळा परवाना लागतो. एखाद्याकडे लायसनची बारा बोअर आहे म्हणून त्याला दुसऱ्याची बंदूक विकायला ठेवता येत नाही.

कलम 5 चा आवाका मोठा आहे. पैसे घेऊन शस्त्र देणे एवढेच त्यात येत नाही. विक्रीसाठी मांडून ठेवणे, विकायची तयारी दाखवणे, विक्रीसाठी जवळ बाळगणे, दुसऱ्याच्या नावे करणे, दुरुस्ती करणे, बदल करणे आणि चाचणी घेणे हे सर्व त्या कलमात बसते. घराच्या पडवीत बसून शेजाऱ्याच्या बंदुकीचा घोडा नीट करून देणारा कारागीरही परवान्याविना काम करत असेल तर कायद्याच्या कक्षेत येतो.

कलम 5 चा भंग झाला तर शिक्षा कडक आहे. 14 डिसेंबर 2019 पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मिती किंवा विक्रीला किमान सात वर्षे आणि जास्तीत जास्त जन्मठेप अशी तरतूद आहे. त्याआधी ती तीन ते सात वर्षे होती. विनापरवाना साधी बंदूक बाळगल्यास दोन ते पाच वर्षे कैद होऊ शकते. म्हणून 'परवाना येईलच, तोवर दोन नग आणून ठेवू' ही घाई माणसाला थेट गंभीर गुन्ह्यात नेते. पहिला नग परवाना हातात आल्यानंतरच दुकानात यायला हवा.

2016 च्या नियमांत शस्त्रनिर्मितीचा परवाना नमुना 7 मध्ये आणि विक्रेत्याचा परवाना नमुना 8 मध्ये मिळतो. ग्रामीण अर्जदाराचा इथे हमखास घोटाळा होतो, कारण ग्रामपंचायतीतून मिळणाऱ्या घराच्या आकारणी उताऱ्यालाही 'नमुना 8' म्हणतात आणि जमिनीच्या खाते उताऱ्याला '8-अ'. अर्जासोबत ग्रामपंचायतीचा नमुना 8 जोडावा लागतो आणि मागणी शस्त्र नियमांच्या नमुना 8 ची करायची असते. अर्जात दोन्हींचा उल्लेख पूर्ण नावानिशी केला की चुकीचा शेरा बसत नाही.

'घरगुती दुकान' म्हणजे काय

अमेरिकेत घराच्या पत्त्यावर बंदूकविक्रीचा परवाना घेणारे लोक पुष्कळ आहेत. 1968 च्या तिथल्या शस्त्रनियंत्रण कायद्याखाली केंद्रीय यंत्रणा तीन वर्षांचा परवाना देते. स्थानिक बांधकाम व वापरविषयक नियम घरातून धंद्याला परवानगी देत असतील, तर स्वयंपाकघराच्या टेबलावर बसूनही हा व्यवसाय करणारे तिथे आहेत. परदेशातील नातेवाइकांकडून हे ऐकून भारतातही तशी सोय असावी असा समज होतो. भारतीय कायद्यात घरगुती विक्रेत्याचा वेगळा वर्ग नाही. अर्ज घराच्या पत्त्याचा असो की बाजारपेठेतल्या गाळ्याचा, कसोटी एकच असते आणि घर ती कसोटी अवघड करते.

ही अवघड बाजू ओलांडायची तर घराचा विक्रीचा भाग राहत्या भागापासून पूर्ण तोडावा लागतो. त्याला रस्त्याकडून स्वतंत्र दार हवे. घरातून दुकानात उघडणारे दार असू नये, आणि असलेच तर ते बांधून बंद केलेले असावे. भिंती विटा-सिमेंटच्या आणि छत स्लॅबचे असावे. कुडाच्या भिंतीच्या किंवा पत्र्याच्या घरात असा माल ठेवणे शहाणपणाचे नाही. खिडक्यांना आतून गज आणि दाराला लोखंडी शटर व दुहेरी कुलूप हवे. शस्त्रे भिंतीत किंवा जमिनीत घट्ट बसवलेल्या लोखंडी कपाटात आणि काडतुसे वेगळ्या कपाटात ठेवावीत. दोन्हींच्या किल्ल्या परवानाधारकाखेरीज कोणाच्या हाती लागू नयेत. कॅमेरा, धोक्याची घंटा आणि वीज गेल्यावर ती दोन्ही चालू ठेवणारी बॅटरी ही सोय गावात विशेष गरजेची असते, कारण भारनियमनाच्या रात्री कॅमेरा बंद राहिला तर तो लावल्याचा उपयोग होत नाही.

घरात लहान मुले असतील, पाहुण्यांची वर्दळ असेल किंवा लग्नकार्यात अंगणात मांडव पडत असेल, तर अशा घरात दुकान न काढलेलेच बरे. तपासणीला येणारा अधिकारी कागदाबरोबर घराचा वावरही पाहतो. गावातच, रस्त्याला लागून, स्वतंत्र भिंतींची पक्की खोली मिळत असेल तर घराचा हट्ट सोडणे सोयीचे ठरते.

चिंचपाड्यात जागेचा पेच

सुरत-भुसावळ लोहमार्गावरचे हे गाव रेल्वे स्टेशन आणि मिशनच्या हॉस्पिटलमुळे पंचक्रोशीत ओळखले जाते. गावात आणि आसपासच्या पाड्यांवर आदिवासी खातेदार मोठ्या संख्येने आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 36 व 36-अ मुळे आदिवासीच्या भोगवट्यातली जमीन बिगरआदिवासीकडे परवानगीविना जाऊ शकत नाही. विक्रीच नव्हे, तर भाडेपट्टा आणि गहाणही त्यात येते. पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याला किंवा गहाणाला जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. इतर हस्तांतरांना त्याशिवाय राज्य शासनाची मान्यताही लागते. बिगरआदिवासी अर्जदाराने आदिवासी घरमालकाशी शंभर किंवा पाचशे रुपयांच्या स्टॅम्पवर भाडेकरार केला आणि तो शस्त्रविक्रीच्या अर्जाला जोडला, तर तो कागद अर्जाला बळ देण्याऐवजी नवी चौकशी ओढवून घेतो.

दुसरा पेच वनहक्काच्या जमिनीचा. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली मिळालेला हक्क वारसांकडे जातो, पण विकता किंवा दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. तो राहण्यासाठी आणि उपजीविकेच्या शेतीसाठी दिलेला असतो. अशा जमिनीवरच्या घराचा पत्ता व्यापारी परवान्यासाठी देऊ नये. गायरानावरचे किंवा वनखात्याच्या हद्दीतले घर, तसेच जागेचा वाद कोर्टात असलेले घर यांनाही हेच लागू पडते.

सर्वांत सरळ जागा म्हणजे गावठाणातले, अर्जदाराच्या किंवा त्याच्या थेट कुटुंबाच्या नावावर असलेले पक्के घर. गावठाणाबाहेर शेतजमिनीवर बांधकाम असेल तर बिगरशेती वापराचा प्रश्न आधी मिटवावा लागतो. सातबारावर 'भोगवटादार वर्ग 2' लिहिलेले असेल तर त्या जमिनीच्या अटी तलाठ्याकडून समजून घ्याव्यात. घर वडिलोपार्जित आणि सामाईक असेल तर भावाबहिणींची लेखी संमती आधीच घ्यावी, कारण पोलिस चौकशीच्या वेळी एका भावाने हरकत घेतली तरी फाइल अडकते.

नवापूर तालुक्यात पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, लागू आहे. शस्त्र अधिनियमात ग्रामसभेच्या ठरावाची अट नाही. मात्र सार्वजनिक शांतता आणि सुरक्षितता या कारणावरून परवाना नाकारण्याचा अधिकार कायद्याने दिलेला आहे, आणि गावाचा विरोध लेखी नोंदला गेला तर तो याच कारणाखाली विचारात येऊ शकतो. शाळा, दवाखाना, देऊळ, चर्च किंवा आठवडे बाजाराच्या जागेला लागून दुकान मांडणे म्हणूनच टाळावे. ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला आणि शेजाऱ्यांशी आधी झालेले बोलणे या दोन्ही गोष्टी पुढचा त्रास वाचवतात.

आणखी एक अट वन्यजीव कायद्याची आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कलम 34 प्रमाणे अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत शस्त्र अधिनियमाखालचा नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकाच्या पूर्वसहमतीविना देता येत नाही. खानदेशात शिरपूरकडच्या अनेर धरण अभयारण्याजवळच्या गावांतील अर्जदारांनी हे अंतर आधीच तपासून घ्यावे.

अर्जदाराची पात्रता

शस्त्र बाळगण्यासाठी वयाची 21 वर्षे पूर्ण असावी लागतात. हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्याला, शांतता राखण्याचा किंवा चांगल्या वर्तणुकीचा जामीन लिहून द्यावा लागलेल्याला त्या मुदतीत, आणि मनोविकल व्यक्तीला बंदी आहे. शिक्षा झालेल्यावरची बंदी शिक्षा संपल्यानंतरही पाच वर्षे राहते. विक्रेत्याने ही यादी दोनदा वाचावी: एकदा स्वतःसाठी आणि एकदा ग्राहकासाठी, कारण अशा व्यक्तीला शस्त्र विकण्यासही कायदा मनाई करतो.

गरिबी हे नकाराचे कारण होऊ शकत नाही. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्यावरून परवाना नाकारू नये, असे कलम 14 मध्ये स्पष्ट म्हटले आहे. तरीही व्यवहारात पैशाची बाजू दाखवावी लागते. पक्की खोली, कपाटे, कॅमेरे आणि सुरुवातीचा माल यांचा खर्च कुठून येणार, याचे उत्तर प्राप्तिकराच्या विवरणपत्रांनी आणि बँकेच्या खाते उताऱ्याने दिले की शंका उरत नाही.

शस्त्राचे ज्ञानही तपासले जाते. भरलेली व रिकामी बंदूक ओळखणे, घोडा न दाबता शस्त्र सुरक्षित स्थितीत आणणे, बारा बोअरचे काडतूस आणि .315 रायफलचे काडतूस यांतला फरक जाणणे, नळीवरचा क्रमांक व बनावटीची खूण वाचणे एवढे तरी विक्रेत्याला आलेच पाहिजे. शस्त्र हाताळणीचे प्रशिक्षण घेतल्याचे प्रमाणपत्र आणि शारीरिक-मानसिक तंदुरुस्तीचा वैद्यकीय दाखला हे वैयक्तिक परवान्याचे कागद आहेत. ते आधी मिळवलेले असतील तर विक्रेत्याच्या अर्जालाही वजन येते.

अर्ज आणि चौकशी

शस्त्र परवान्यांची नोंद आता राष्ट्रीय संगणकीय माहितीकोशात होते आणि प्रत्येक परवानाधारकाला एक विशेष ओळख क्रमांक, म्हणजे 'यूआयएन', मिळतो. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या शस्त्र परवाना संकेतस्थळावर अर्ज भरून त्याची छापील प्रत कागदपत्रांसह जिल्हाधिकारी कार्यालयात द्यायची असते. नवापूर तालुक्यासाठी ते कार्यालय नंदुरबारला आहे. जिल्हाधिकारी हेच जिल्हादंडाधिकारी असल्यामुळे शस्त्रांचे काम त्यांच्या गृह शाखेत चालते. पोलिस आयुक्तालय असलेल्या शहरांत, उदाहरणार्थ नाशिकमध्ये, हा अधिकार पोलिस आयुक्तांकडे असतो.

फाइलीत पुढील कागद क्रमाने लावलेले असावेत:

1. भरलेला अर्ज, छायाचित्रे आणि शुल्क भरल्याचे चलन. शुल्क नियमांना जोडलेल्या तक्त्याप्रमाणे भरायचे असते.
2. ओळख, वय आणि रहिवासाचे पुरावे, पॅन कार्ड.
3. जागेचे कागद: ग्रामपंचायतीचा नमुना 8, घरपट्टीची पावती, लागू असेल तर सातबारा, सामाईक घरासाठी संमतिपत्र.
4. दुकानाचा मोजमापासह नकाशा. त्यात दारे, खिडक्या, कपाटांची जागा, कॅमेऱ्यांची दिशा आणि राहत्या भागाला वेगळे करणारी भिंत दाखवावी.
5. ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला आणि बांधकाम परवानगी.
6. प्राप्तिकराची विवरणपत्रे, बँक उतारा. भागीदारी किंवा कंपनी असेल तर तिचे नोंदणीपत्र आणि जबाबदार व्यक्तीचे नाव.
7. कोणता माल ठेवायचा, किती ठेवायचा आणि दुरुस्ती व दुसऱ्यांची शस्त्रे ठेवीत घेण्याचे कामही करायचे का, याचे निवेदन.

सातव्या कागदाकडे पुष्कळांचे दुर्लक्ष होते. विक्रेत्याला परवान्यात लिहिलेल्या प्रकारचाच आणि तेवढाच माल ठेवता येतो. गावात ठासणीच्या आणि बारा बोअरच्या बंदुका असताना अर्जात फक्त पिस्तुले लिहिली, तर परवाना मिळूनही दुकान रिकामे राहते.

कलम 13 प्रमाणे अर्ज आल्यावर जवळच्या पोलिस ठाण्याचा अहवाल मागवला जातो. फाइल पोलिस अधीक्षकांकडून ठाण्यात येते, बीट अंमलदार घर पाहतो, शेजाऱ्यांचे आणि पोलिस पाटलांचे जबाब घेतो, गुन्ह्यांच्या नोंदी पडताळतो. अहवालाला नियमांनी 30 दिवस दिले आहेत. मुदतीत अहवाल आला नाही तर त्याची वाट न पाहता निर्णय देण्याची मुभा कायद्याने परवाना अधिकाऱ्याला दिलेली आहे. पण विक्रेत्याच्या अर्जात ती फार क्वचित वापरली जाते असे गृहीत धरूनच अर्जदाराने चालावे. अर्जाची पोच आणि आवक क्रमांक जपून ठेवावा आणि विचारपूस लेखीच करावी.

अर्जात खोटी माहिती देणे किंवा जुना खटला लपवणे ही सर्वांत महागात पडणारी चूक असते. सुटलेल्या खटल्याचा निकाल स्वतःहून जोडलेला बरा. माहिती दडवल्याचे नंतर उघड झाले तर कलम 17 खाली मिळालेला परवानाही रद्द होऊ शकतो.

सोबतचे परवाने

शस्त्रविक्रीचा परवाना म्हणजे धंद्याचे सर्व परवाने नव्हेत. कामगार मोजके असतील तर 2017 च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणीऐवजी ऑनलाइन सूचना पुरते. वस्तू व सेवा कराची नोंदणी उलाढालीप्रमाणे घ्यावी लागते. पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हरवर या कराचा सर्वांत वरचा दर लागतो, हे किमतीचा अंदाज करताना लक्षात ठेवावे.

ठासणीच्या बंदुकीला लागणारी काळी दारू हा स्फोटक पदार्थ आहे. तिच्यासाठी 1884 चा स्फोटक अधिनियम आणि 2008 चे स्फोटक नियम पाहावे लागतात. या कायद्याचे काम पाहणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपूरला आहे. राहत्या घरात दारूचा साठा ठेवण्याचा विचारच करू नये. स्वतंत्र, घरापासून लांब आणि मान्य केलेली जागा नसेल तर दारू विकण्याचे काम अर्जातून वगळावे.

विक्रेत्याच्या परवान्याने आयातीचा हक्क मिळत नाही. कलम 10 खाली आयात-निर्यातीचा परवाना वेगळा असतो. जिल्ह्याबाहेरून माल आणतानाही वाहतुकीचे कागद सोबत लागतात. बंदुकांचे खोके हा एसटीच्या टपावर किंवा पॅसेंजरच्या डब्यात ठेवून आणण्याचा माल नव्हे.

माल कुठून येतो

देशी बनावटीच्या नागरी शस्त्रांत आयुध निर्माणींचा वाटा मोठा आहे. कानपूरचे .32 रिव्हॉल्व्हर आणि पश्चिम बंगालमधील ईशापूरची .315 स्पोर्टिंग रायफल ही त्यांतली ओळखीची नावे. आयुध निर्माणी मंडळ 1 ऑक्टोबर 2021 रोजी बरखास्त होऊन त्याच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. शस्त्रे बनवणाऱ्या कंपनीचे मुख्यालय कानपूरला, तर दारूगोळा बनवणाऱ्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडचे पुण्यात आहे. पुण्याजवळच्या खडकीची आणि जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावची निर्माणी याच कंपनीत येतात. शिवाय परवानाधारक खासगी कारखाने बारा बोअरच्या बंदुका बनवतात.

कोणत्याही शस्त्रावर कारखान्याचे नाव, क्रमांक किंवा ठरलेली ओळखखूण असलीच पाहिजे. कलम 8 प्रमाणे खूण नसलेले शस्त्र विकता येत नाही. घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला क्रमांक दिसला तर ते शस्त्र स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नये, पोलिसांना कळवावे. सातपुड्याच्या परिसरातून येणाऱ्या गावठी कट्ट्यांवर पोलिसांची नजर असते, आणि सीमेवरच्या जिल्ह्यात परवानाधारक दुकानावर पहिली शंका घेतली जाणे साहजिक असते.

विक्री, ठेव आणि नोंदवही

दुकानात आलेल्या ग्राहकाचा मूळ परवाना पाहिल्याशिवाय कपाट उघडू नये. छायांकित प्रत किंवा मोबाइलमधले चित्र चालत नाही. परवान्यावरचे छायाचित्र, मुदत, यूआयएन, शस्त्राचा प्रकार, शस्त्र घ्यायची मुदत आणि क्षेत्रमर्यादा या सहा गोष्टी जुळल्या पाहिजेत. चिंचपाड्यापासून गुजरातची हद्द जवळ आहे. उच्छल किंवा व्याराकडचा ग्राहक आला तर त्याचा परवाना महाराष्ट्रात चालतो का, हे आधी पाहावे. नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून वेगळा झाला. त्यामुळे जुन्या घरांतून धुळ्याच्या शिक्क्याची परवाना-पुस्तिका निघू शकते. तिच्यावर नूतनीकरण आणि यूआयएन नसेल तर ग्राहकाला आधी गृह शाखेत पाठवावे.

विक्री झाली की शस्त्राचा क्रमांक आणि काडतुसांची संख्या ग्राहकाच्या परवान्यावर सही-शिक्क्यानिशी लिहायची, तीच नोंद दुकानाच्या नोंदवहीत करायची आणि परवाना अधिकाऱ्याला कळवायचे, ही साखळी त्याच दिवशी पूर्ण व्हावी. आलेला माल, गेलेला माल आणि शिल्लक यांचा मेळ रोज संध्याकाळी घालावा. एक काडतूस कमी भरले तरी ते शोधूनच दुकान बंद करावे आणि सापडले नाही तर लगेच ठाण्यात लेखी द्यावे. परवान्याच्या अटींचा भंग झाल्यास कलम 30 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. त्याहून मोठे नुकसान परवाना जाण्याचे असते.

एका व्यक्तीला आता दोनच बंदुका ठेवता येतात. 2019 च्या दुरुस्तीपूर्वी ही मर्यादा तीन होती. तिसरी मागणारा ग्राहक आला तर नकार द्यावा.

ठेव हा ग्रामीण दुकानाचा चालणारा भाग असतो. कलम 21 प्रमाणे ज्याच्याकडचे शस्त्र कायदेशीर राहिले नाही, त्याने ते पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचे असते. धारकाचा मृत्यू झाल्यावर वारस बंदूक घेऊन दुकानात येतात ती याच कलमाखाली. ठेवीच्या पावतीवर शस्त्राचा क्रमांक, अवस्था आणि भाड्याचा दर लिहावा, आणि ठेवीतले शस्त्र विक्रीच्या मालात मिसळू नये.

नकार, निलंबन आणि अपील

परवाना नाकारताना कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि अर्जदाराने मागितल्यास त्यांचा थोडक्यात तपशील द्यावा लागतो. सार्वजनिक हिताला बाधा येत असेल तरच तो रोखता येतो. आदेशाविरुद्ध कलम 18 खाली 30 दिवसांत अपील करता येते. जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या आदेशावरचे अपील विभागीय आयुक्तांकडे, म्हणजे नंदुरबारसाठी नाशिकला जाते. जागेच्या त्रुटीमुळे नकार आला असेल तर अपिलात वेळ घालवण्यापेक्षा ती त्रुटी दूर करून नवा अर्ज करणे बहुधा लवकर फळते.

जागा बदलायची, भागीदार घ्यायचा किंवा दुकान वाढवायचे तर आधी परवान्यात बदल करून घ्यावा लागतो. विक्रेत्याच्या मृत्यूनंतर परवाना मुलाकडे आपोआप जात नाही. वारसाने माल जमा करून स्वतःच्या नावे अर्ज करावा.

ज्यांना दुकानाची गरज नाही

गावातून 'बंदुकीच्या धंद्याचे लायसन' विचारणाऱ्या पुष्कळांची खरी गरज लहान असते आणि तिला दुकानाचा परवाना लागत नाही. स्वतःची लायसनची बंदूक विकायची असेल तर कलम 5 मध्येच वाट आहे. शस्त्र बाळगण्याचा हक्क असलेल्या दुसऱ्या व्यक्तीला ती विकता येते. त्यासाठी जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवून किमान 45 दिवस थांबावे लागते. वडिलांची बंदूक घरातच ठेवायची असेल तर 2016 च्या नियमांत वारसाला परवाना मागता येतो: धारकाच्या मृत्यूनंतर, किंवा धारक 70 वर्षांचा झाल्यावर अथवा त्याने ते शस्त्र 25 वर्षे बाळगल्यावर त्याच्या हयातीतही.

रानडुकरांपासून पीक राखायचे असेल तर पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा वैयक्तिक परवाना मागता येतो. मात्र त्या परवान्याने शिकारीची मुभा मिळत नाही. पिकाची नासाडी करणारे जनावर मारायलाही वन्यजीव कायद्याच्या कलम 11 खाली अधिकृत वनाधिकाऱ्याची परवानगी हवी. केवळ शेतीसाठी किंवा घरकामासाठी बनवलेला विळा किंवा लाठी कायद्याच्या व्याख्येत शस्त्र ठरत नाही. .177 इंच बोअर आणि 20 जूलपर्यंतच्या ताकदीची छऱ्याची एअरगन घ्यायलाही शस्त्र परवाना लागत नाही.

या सर्व वाटा तपासूनही दुकानच काढायचे ठरले, तर कामाचा क्रम असा राहावा: जागेचा कागद, मग पक्की खोली, मग ग्रामपंचायत आणि शेजार, मग अर्ज, मग चौकशी, आणि परवाना हातात पडल्यावर माल.